कार्ल राइनेके: हा माणूस खरंच एवढा रुक्ष होता का?

आडवी_बासरी

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पाच वर्षं फ्लूट शिकतेय. आपली बासरी नव्हे. धातूची, कळा असलेली, ऑर्केस्ट्रातली. गेल्या महिन्यात बाईंनी कार्ल राइनेकेचा 'उंडीने' सोनाटा हातात ठेवला. ओपस (रचनाक्रमांक) १६७, १८८२ सालचा. पहिला भाग ई मायनरमध्ये, ६/८ चा. खालून पियानो लाटांसारखा येत राहतो आणि वर आपण लांबच लांब ओळी ओढायच्या. श्वास कुठे चोरायचा हे ठरवण्यातच माझे दोन आठवडे गेले. दुसऱ्या भागात तु-कु-तु-कु करताना जीभ अजून अडखळते. पियानो पाठ सोडत नाही, जरा रेंगाळलं की अंगावर येतो. पण तुकड्याने जीव लावलाय.

म्हणून हा माणूस कोण ते बघायला गेले, तर जिथे तिथे दोन ओळी. संगीतकार मेंडेल्सोनच्या वळणाचा, जुन्या मताचा, आज फारसा कोणाला माहीत नसलेला. मग ईथेल स्माइथच्या आठवणी हाती लागल्या. ही इंग्लिश संगीतकार, १८७७ मध्ये लाइपझिगला त्याच्याकडे शिकायला गेलेली. बाई लिहितात की त्याचे धडे म्हणजे निव्वळ फार्स होता, आणि गजावर कापड मोजून द्यावं तसं हा संगीत काढायचा, ना कष्ट ना प्रेरणा.

वाचून मन खट्टू झालं. ज्याने उंडीने लिहिला तो असा असेल?

माहीतगारांनी सांगावं: माणूस खरंच एवढा कंटाळवाणा होता का? आणि पस्तीस वर्षं लाइपझिगच्या गेवांटहाउससारख्या ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून नाव का उरलं नाही?


पाचवी_रांग

हा धागा बघून कधी नव्हे ते ऑफिसातून लॉगिन केलं.

आधीच सांगून ठेवतो, माझं मत पक्षपाती आहे. एकवीस वर्षं लाइपझिगमध्ये राहतोय. पोटापाण्याच्या उद्योगाचा संगीताशी काडीचा संबंध नाही, पण इथल्या एका हौशी कॉयरमध्ये (गायकवृंदात) बास गातो. या गावात बाखच्या नावाने चॉकलेटंसुद्धा मिळतात, मेंडेल्सोनचं घर आहे, शूमान दांपत्याचं घर आहे. राइनेके मात्र या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडलेला. त्यामुळे मला त्याचा उगाचच पुळका आहे.

जन्म २३ जून १८२४, अल्टोनात. आज अल्टोना हॅम्बुर्गचा भाग आहे, तेव्हा तिथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. म्हणजे आपला 'जर्मन' संगीतकार जन्माने डॅनिश प्रजा. वडील संगीतशिक्षक, तालीम त्यांच्याकडेच. डेन्मार्कचा राजा आठवा क्रिस्टियन याने वजिफा दिला म्हणून १८४३ मध्ये पोरगा लाइपझिगला आला. त्याच वर्षी मेंडेल्सोनने इथे कॉन्झर्वेटरी (संगीतशाळा) काढली होती, संगीतकार शूमान गावातच होता. एकोणिसाव्या वर्षी अशा मंडळींच्या दारात जाऊन उभं राहायला मिळालं तर पुढे आयुष्यभर माणूस त्याच दाराची राखण करील, यात नवल ते काय. शूमानने पुढे आपले ओपस ७२ चे चार फ्यूग (एकच सूरओळ एकामागोमाग उचलत जाणाऱ्या रचना) राइनेकेला अर्पण केले. ही गोष्ट लक्षात ठेवा. शूमान काही येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्यूग वाटत बसला नव्हता.

१८४६ मध्ये कोपनहेगनला दरबारी पियानिस्टची नोकरी लागली. १८४८ मध्ये आश्रयदाता राजा वारला आणि लगोलग श्लेस्विग-होल्श्टाइनवरून डॅनिश आणि जर्मन एकमेकांना भिडले. जर्मन बोलणारा, डॅनिश राजाचं मीठ खाणारा आणि गाव नेमकं भांडणातल्या मुलखात. निघावंच लागलं. पुढे काही काळ पॅरिसला होता, तिथे पियानिस्ट लिस्टने आपल्या मुलींना पियानो शिकवायला याला नेमलं. त्यातली एक कोसिमा, पुढे नव्या वाटेच्या संगीतकार वाग्नरची बायको झालेली. वाग्नरवाले ज्याला आयुष्यभर जुनाट म्हणून हिणवत राहिले त्यानेच त्यांच्या महाराणीची बोटं वळवली होती.

मग कोलोन (१८५१ पासून, हिलरच्या कॉन्झर्वेटरीत, माक्स ब्रूख तिथला त्याचा विद्यार्थी), मग बार्मेनला पाच वर्षं, ब्रेसलाऊत जेमतेम काही महिने. या मधल्या गावांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. १८६० मध्ये गेवांटहाउसने बोलावलं आणि छत्तीस वर्षांचा हा माणूस जो बसला तो १८९५ पर्यंत. नंतरच्या संचालकांत निकिश सत्तावीस वर्षं होता, कुर्ट मासुर सव्वीस. पस्तीस कोणाची नाहीत.

स्माइथबाईंच्या त्या 'गजावर कापड'वरून आठवलं. गेवांटहाउस या शब्दाचा अर्थच मुळी कापडवाल्यांचं घर. १७८१ मध्ये कापडाच्या व्यापाऱ्यांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर हॉल केला होता, जेमतेम पाचशे माणसांचा. त्यातही खुर्च्या मंचाकडे तोंड करून नव्हत्या. लांबीच्या दोन्ही अंगांना, एकमेकांसमोर, चर्चमधल्या कॉयरसारख्या. म्हणजे दर गुरुवारी तुम्ही ऑर्केस्ट्राकडे बघायचं नाही, समोरच्या व्यापाऱ्याच्या बायकोकडे बघायचं, आणि ती तुमच्याकडे बघणार. वर भिंतीवर सेनेकाचं लॅटिन वचन: खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे. अशा खोलीत टाळ्या कधी वाजवायच्या हेसुद्धा समोरच्याचा चेहरा बघून ठरत असणार असं मला नेहमी वाटतं.

ती खोली आता नाही. जागेवर श्टेटिशेस काउफहाउस नावाची इमारत आहे, मी रोज तिथून ट्रॅमकडे जातो. दुसरं गेवांटहाउस डिसेंबर १८८४ मध्ये उघडलं, सतराशेच्या आसपास खुर्च्या. त्याची ख्याती इतकी की अमेरिकेत बॉस्टनला हॉल बांधताना त्याचाच नमुना समोर ठेवला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून जळालं, भिंती उभ्या होत्या त्या १९६८ मध्ये पाडल्या. तिथे आता विद्यापीठाची इमारत आहे. राइनेकेने ज्या दोन हॉलमध्ये हयात घालवली ते दोन्ही गेले. नाव न उरण्याला हेही एक कारण असेल, दाखवायला जागाच नाही.

आता मुद्द्याचं. २७ जानेवारी १८५९. त्या छोट्या हॉलमध्ये ब्राह्म्सने आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) वाजवला आणि लोकांनी फिस्स केलं. राइनेके तेव्हा अजून आला नव्हता. १८ फेब्रुवारी १८६९ ला त्याच हॉलमध्ये ब्राह्म्सचा 'जर्मन रेक्वियम' (गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठीची शोकरचना) सातही भागांसह जगात पहिल्यांदा वाजला, संचालक राइनेके. त्याआधी व्हिएन्नात नुसते तीन भाग झाले होते, ब्रेमेनला सहा. पाचवा भाग नंतर लिहिला गेला. पूर्ण, सबंध, आज आपण ऐकतो तसा, तो पहिल्यांदा उभा केला ते या 'रुक्ष' माणसाने.

हे का सांगतोय तर मी ते गायलोय. तिसऱ्या भागाच्या शेवटी फ्यूग आहे, त्याच्या तळाशी ३६ मात्राखंड एकच डी सूर. बदलतच नाही. कॉन्ट्राबास आणि टिंपनी (मोठे नगारे) तो धरून बसतात, वर चार आवाज एकमेकांच्या मागे धावतात. व्हिएन्नात टिंपनीवाल्याने तो डी इतका बडवला की वरचं काही ऐकूच आलं नाही आणि लोक वैतागले. आमच्या पहिल्या तालमीत अगदी हेच झालं. आमचे संचालक काठी खाली ठेवून टिंपनीवाल्याजवळ गेले, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले, परत आले. दुसऱ्या वेळेला तो सूर ऐकू येत नव्हता, फक्त फळीतून तळपायाला लागत होता. तोल सांभाळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. राइनेकेला रंगात येऊन केस उडवणारा संचालक कोणीच म्हटलेलं नाही. पण असे तोल सांभाळणारा माणूस पस्तीस वर्षं दर गुरुवारी लागतो.

आणि तुम्ही त्याला आधीच ऐकलेलं असणार. मोत्झार्टचा फ्लूट आणि हार्पचा कॉन्चेर्टो काढा. मोत्झार्टने लिहिलेले कादेन्झा उरलेले नाहीत. मग ऑर्केस्ट्रा थांबतो आणि दोघीच वाजवत असतात ते काय? पुष्कळदा ते राइनेकेचं असतं.


ठोकताळा

पाचवी रांग यांचं प्रेम दिसतंय, पण दुसरी बाजूही मांडतो.

स्माइथ एकटी नाही. संगीतकार चार्ल्स स्टॅनफर्ड १८७० च्या दशकात त्याच्याकडे शिकला. त्याने लिहून ठेवलंय की आजवर भेटलेल्या कोरड्या संगीतज्ञांत हा सगळ्यात वाळलेला, आणि समकालीनांपैकी कोणाबद्दल चांगला शब्द नाही. चेक संगीतकार लेओश यानाचेक १८७९ च्या शरदात लाइपझिगला आला, फेब्रुवारीत निघूनही गेला. एवढ्या लोकांना वेगवेगळ्या वर्षी एकाच माणसाचा कंटाळा येत असेल तर दोष विद्यार्थ्यांचा नसतो.

शिवाय डिसेंबर १८८४ बघा. ११ तारखेला नव्या गेवांटहाउसचं उद्घाटन. ३० तारखेला ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीचा जगातला पहिला प्रयोग. कुठे? लाइपझिगमध्येच. गेवांटहाउसमध्ये? नाही! नगर नाट्यगृहात, आर्थर निकिशच्या हाताखाली. आणि नाट्यगृहात वाजवणारे लोक कोण, तर गेवांटहाउसचेच वादक. तीच माणसं, तीच वाद्यं, तेच गाव, मधे एकोणीस दिवस. शतकातली एक मोठी सिम्फनी जन्माला येते आणि कोऱ्या करकरीत हॉलला तिचा पत्ताच नाही. अकरा वर्षांनी त्याच निकिशला राइनेकेची खुर्ची दिली गेली. अन्याय वगैरे नाही, उशीर म्हणा.


पाचवी_रांग

ठोकताळा, ब्रुकनरचा मुद्दा बिनतोड. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. १८९५ मध्ये त्याला जा म्हटलं हे योग्य होतं, कसं म्हटलं त्याबद्दल बोलता येईल. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याला ते लागलं होतं. तरी गाव सोडलं नाही. कॉन्झर्वेटरीत शिकवत राहिला, १८९७ मध्ये तिथला प्रमुख झाला, १९०२ पर्यंत. जाता-येता निकिशचा जयजयकार कानावर पडत असणारच.

पण राइनेकेने नव्या संगीताला दार बंद केलं असं सरसकट नको. ब्राह्म्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो १ जानेवारी १८७९ ला पहिल्यांदा वाजला तो गेवांटहाउसमध्ये, व्हायोलिनवर योआखिम, काठी ब्राह्म्सच्या हातात. चायकोव्हस्कीने जानेवारी १८८८ मध्ये तिथेच स्वतःचा पहिला सुइट संचालित केला. राइनेके नवीन माणसाला मांडवात घेत होता, फक्त वाग्नरच्या वाटेने आलेल्याला नाही. तो गट-तट तेव्हा सगळ्याच जर्मनीत होता.

मास्तर म्हणून कसा होता याची मला आवडणारी गोष्ट ग्रीगची आहे. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग लहान वयात इथे आला, शेवटी शेवटी राइनेकेकडे होता. राइनेकेने सांगितलं, एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहून आण. पोराला तारवाद्यांची तोंडओळख नाही, रचनेचा आराखडा कशाशी खातात ठाऊक नाही. मास्तर काही समजावून सांगत नाहीत. मग त्याने मोत्झार्ट आणि बेथोव्हेनच्या संहिता समोर घेतल्या आणि त्यातून उकल करत कसाबसा क्वार्टेट उतरवला. ग्रीगने हे पुढे तक्रारीच्या सुरात लिहिलं. आता याला पोहता येत नसलेल्याला विहिरीत ढकलणं म्हणा, नाहीतर सरळ आळस म्हणा. मी दिवसानुसार मत बदलतो. एवढं खरं की त्याच्या हाताखालून गेलेली यादी बघितली (ग्रीग, स्वेनसेन, सिंडिंग, स्टॅनफर्ड, वाइनगार्टनर, डीलियस) तर त्यात एकही त्याच्यासारखा निघाला नाही. खूप भारावून टाकणाऱ्या गुरूचे शिष्य बहुतेक वेळा त्याच्या सावल्या होतात. वाळलेल्या झाडाची सावली पडत नाही हाही एक फायदाच.

ताई, १९०८ चा फ्लूट कॉन्चेर्टोही ऐका, डी मेजर, ओपस २८३. चौऱ्याऐंशी वर्षांचा होता तेव्हा. गेवांटहाउसचा मुख्य फ्लूटवादक माक्सिमिलियान श्वेडलर याच्यासाठी लिहिलेला. हा श्वेडलरही अवलिया: सगळी दुनिया ब्योमच्या पद्धतीच्या फ्लूटकडे वळलेली आणि हा स्वतः सुधारलेल्या जुन्या शंकूच्या नळीच्या 'रिफॉर्म फ्लूट'ला चिकटून. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिएन्नात अगदी नव्या धर्तीच्या श्योनबेर्गच्या दुसऱ्या क्वार्टेटवर लोक आरडाओरडा करत होते. आणि इथे दोन म्हातारे असं काही वाजवतायत की १८५० साल संपलेलंच नाही. मला तो कॉन्चेर्टो ऐकताना हसूही येतं आणि घशाशी काहीतरीही येतं.


तारजुळव्या

मी पियानो दुरुस्तीच्या धंद्यातला, संगीतकारांच्या भांडणात पडत नाही. पण एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. राइनेके ऐकता येतो. त्याचं संगीत नव्हे, तो स्वतः.

१९०५ मध्ये फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीच्या यंत्रावर त्याने पियानो वाजवून ठेवलाय. वय ऐंशी. ज्यांचं वाजवणं कोणत्याही रूपात टिकलंय अशा पियानिस्टांत जन्मसालाने हा सगळ्यात जुना. १८२४! शोपाँ चौदा वर्षांचा होता तेव्हा. बेथोव्हेनची नववी सिम्फनी याच्या जन्माआधी जेमतेम सात आठवडे पहिल्यांदा वाजली.

हे रेकॉर्डिंग म्हणजे कर्ण्यासमोर बसून केलेलं नव्हे. कागदाचा रोल. वेल्टेचा जुना रोल लाल कागदाचा, साधारण ३३ सेंटिमीटर रुंद, त्यावर भोकं. कोणती पट्टी कधी दाबली, कधी सोडली, ते भोकांच्या जागेवरून आणि लांबीवरून. वाजवायला एक कपाटासारखं यंत्र असतं, ते चांगल्या पियानोपुढे सरकवायचं. त्याला पुढे बोटं असतात, टोकांना नमदा लावलेली. आत भाते हवा ओढतात, कागदाचं भोक नळीच्या तोंडावर आलं की ते बोट खाली येतं. मी असं यंत्र एकदा उघडून बघितलंय. रबराच्या बारीक नळ्यांचं जंगल असतं आत, एक नळी चिरली की तो सूर गेला.

म्हणून एक इशारा. या रोलवरून नाद किती गोड होता, जोर किती होता, हे ठरवू नका. जोराची नोंद ढोबळ असते आणि ज्याने यंत्र लावलंय त्याच्या हातावर बरंच अवलंबून. पण वेळ, म्हणजे कोणता सूर कोणाच्या आधी पडला, ती नोंद भरवशाची.

आणि तिथेच मजा आहे. त्याने मोत्झार्टच्या कोशेल ५३७ या पियानो कॉन्चेर्टोमधला लार्गेटो (संथ भाग), स्वतः मांडणी करून, वाजवलाय. (त्या भागात मोत्झार्टने पियानोचा डावा हात लिहिलेलाच नाही, ही आणखी गंमत.) आजचा कोणीही शिस्तीचा वादक दोन्ही हात बरोबर टेकवेल. हा नाही. डावा आधी, उजवा किंचित मागून. सूरसमूह एकदम नाही, तळापासून वर उलगडत. सारख्या लिहिलेल्या सुरांपैकी एक जरा ताणलेला, पुढचा झटकन. जिथे मोत्झार्टने ओळ मोकळी सोडलीय तिथे भर घातलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलंय. उठून नळ्या तपासल्या!

यंत्र ठीक होतं. वाजवणारा तसाच वाजवत होता.

आता बघा. त्या काळी लाइपझिगमध्ये मोत्झार्टचा सगळ्यात शुद्ध, सगळ्यात जुन्या चालीचा वादक म्हणून याचंच नाव घेत. मोत्झार्टचे पियानो कॉन्चेर्टो लोक विसरत चाललेत म्हणून १८९१ मध्ये त्याने पुस्तकही लिहिलं. म्हणजे ज्याला 'कडक परंपरा' म्हणायचे ती अशी होती, सैल, श्वास घेणारी. हात घट्ट बरोबर टेकवायची शिस्त नंतरची, आपली. रुक्ष कोण ते तुम्हीच ठरवा.


ठोकताळा

आत्ताच ऐकलं. तारजुळव्या, दंडवत. स्टॅनफर्डने शिष्य म्हणून लिहिलेलं मी मागे घेत नाही, पण हा वाजवणारा वाळलेला नाही. ऐंशीव्या वर्षी हात थरथरत असतील म्हणून सूर पुढेमागे पडत असतील अशी शंका आली होती. पण जिथे वेगाने वाजवायचंय तिथे बोटं सरळ पडतात. सैलपणा फक्त जिथे गाणं आहे तिथेच.


आडवी_बासरी

बापरे, दोन ओळींच्या अपेक्षेने विचारलं होतं! सगळ्यांचे आभार.

एक शंका उरली. तिसरा भाग अगदी शांत आहे, जी मेजरमध्ये, पाळण्यासारखा. मग मधेच एकाएकी मोल्टो विवाचे (खूप जलद) येतं, दहा-बारा सेकंदांचं वादळ, आणि पुन्हा काही झालंच नाही असं पहिलं गाणं. बाई म्हणतात गोष्ट वाच म्हणजे कळेल. गोष्ट कोणाला माहितीय?


पाचवी_रांग

फूके या जर्मन लेखकाची गोष्ट, १८११ ची. थोडक्यात सांगतो.

कोळी नवरा-बायको, त्यांची मुलगी पाण्यात बुडाली असं ते समजून चाललेत. त्यांच्या दारात एक ओलीचिंब पोर येते, तिला ते वाढवतात. तीच उंडीने, पाण्यातली. तिला आत्मा नाही. माणसाशी लग्न झालं तरच मिळणार. हुल्डब्रांड नावाचा सरदार येतो, लग्न होतं, आत्मा मिळतो, आणि त्याच्याबरोबर दुःखही. इतके दिवस खोड्या काढत हुंदडणारी पोर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून गंभीर होते. पुढे सरदाराचं मन बेर्टाल्डा नावाच्या दुसरीकडे वळतं. (ती निघते कोळ्याची हरवलेली मुलगी.) उंडीने त्याला बजावून ठेवते, पाण्यावर असताना मला टाकून बोलू नकोस, माझे नातेवाईक मला ओढून नेतील. डॅन्यूबवर नावेत तो नेमका तेच करतो. ती पाण्यात विरघळून जाते.

वाड्याच्या अंगणातली विहीर तिने जाण्याआधीच मोठा दगड ठेवून बंद करवली होती, म्हणजे पाण्यातल्या कोणालाही तिथून वर येता येऊ नये. पुढे सरदार बेर्टाल्डाशी लग्न करतो, त्या दिवशी ती तो दगड हलवायला लावते. कांतीला लावायला तिला त्याच विहिरीचं पाणी हवं असतं. दगड सरकतो, पांढऱ्या झऱ्यासारखी उंडीने वर येते, रडत रडत जिने चढते. सरदाराला जवळ घेते आणि तो तिच्या मिठीत मरतो. दफनानंतर त्याच्या थडग्याभोवती एक झरा फुटतो.

कोणता भाग कोणत्या प्रसंगाचा याच्यावर वादक भांडत असतात. माझ्यापुरतं, दुसरा भाग म्हणजे लग्नाआधीची हुंदडणारी पोर. तिसरा म्हणजे संसार, आणि ते वादळ म्हणजे पाण्याखालच्या नातेवाइकांनी एकदा हात वर काढून दाखवलेला. चौथा तर सांगायलाच नको. एवढ्या थैमानानंतर तो ई मेजरमध्ये हळूच मिटतो. तो झरा.

गजावर मोजून दिलेल्या कापडात हे बसत नाही, स्माइथबाई काही म्हणोत.


आडवी_बासरी

काल तालमीत एक प्रयोग केला. माझ्याबरोबर पियानो वाजवणारी मैत्रीण आहे, तिला तो लार्गेटोचा रोल ऐकवला. मग चौथ्या भागाचा शेवट घेतला. ई मेजर आल्यावर तिने सूर एकदम न टेकवता खालून वर उलगडले, डावा हात किंचित आधी. मला काय झालं सांगता येत नाही, पण श्वासाची जी जागा दोन आठवडे शोधत होते ती आपोआप मिळाली. तिचा हात उलगडतो तेवढ्या वेळात घेता येतो.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर तिला म्हणाल्या, छान, आता हात बरोबर टाक.


तारजुळव्या

बाईंना सांगा, ऐंशी वर्षांचा साक्षीदार आहे. लाल कागदावर, भोकांसकट.


पाचवी_रांग

:) दुसरा भाग बसला की कळवा.